पाण्यातलं शेवाळ सेन्सरने कसं ओळखायचं: खान्देशातल्या नवख्यांसाठी

फेब्रुवारी सरला की रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात एक तक्रार ठिकठिकाणी ऐकू येते: "पानी हिरवं व्हई गये." शेततळ्याचा तळ दिसेनासा होतो, ठिबकचा डिस्क फिल्टर रोज धुवावा लागतो, ड्रिपर तुंबतात. तापीवरच्या सारंगखेडा, प्रकाशा, सुलवाडे इथल्या बॅरेजमागे अडलेल्या पाण्याला आणि जळगावच्या मेहरूण किंवा धुळ्याच्या नकाणे यांसारख्या तलावांनाही उन्हाळ्यात हाच धोका असतो. पाणी साठलेलं, स्थिर आणि कोमट. त्यात शेतातून उतरलेला नत्र-स्फुरद नाहीतर नाल्यातून आलेलं सांडपाणी, आणि वरून चाळीस-पंचेचाळीस अंशांचं ऊन. शेवाळ वाढायला एवढं पुरतं.

पाणी डोळ्यांना हिरवं दिसेपर्यंत शेवाळ भरपूर झालेलं असतं. प्रकाशावर चालणारे सेन्सर ही वाढ त्याआधी पकडू शकतात. विज्ञानाचे शिक्षक, पाणीपुरवठ्यावरचे कर्मचारी, गावच्या पाणी समितीचे सदस्य आणि शेततळं असलेले शेतकरी, या सगळ्यांना हे काम शिकता येतं. मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. सेन्सर शेवाळ मोजत नाही, उजेड मोजतो. त्या उजेडावरून शेवाळाचा अंदाज बांधायचं काम तुमचं आहे, आणि काळ्या मातीच्या आपल्या मुलखात ते उपकरणाच्या माहितीपुस्तिकेत दिसतं त्यापेक्षा अवघड आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी उजेडाचा व्यवहार

शेवाळात हरितद्रव्य असतं. त्यातलं क्लोरोफिल-ए निळा प्रकाश (तरंगलांबी साधारण ४४० नॅनोमीटर) आणि लाल प्रकाश (साधारण ६७५ नॅनोमीटर) शोषून घेतं. हिरवा फारसा शोषत नाही, म्हणून पाणी हिरवं दिसतं. शोषलेल्या प्रकाशाचा बराच भाग प्रकाशसंश्लेषणात खर्च होतो, थोडा उष्णतेत जातो आणि अगदी थोडा ६८५ नॅनोमीटरच्या आसपास लाल होऊन बाहेर पडतो. याला प्रतिदीप्ती म्हणतात. सेन्सर निळा प्रकाश टाकतो आणि हा गडद लाल उजेड टिपतो. गाळाचे कण निळा प्रकाश विखुरतात, पण असा लाल उजेड देत नाहीत. या पद्धतीची सारी ताकद या फरकात आहे.

नील-हरित शेवाळाचा मामला वेगळा. त्याला शेवाळ म्हणत असलो तरी ते खरं तर जिवाणू आहेत, आणि पाण्यात विष सोडणाऱ्या जाती प्रामुख्याने त्यांच्यातच सापडतात. त्यांच्यातलं बरंचसं क्लोरोफिल अशा ठिकाणी असतं की निळ्या प्रकाशाला ते फारसा लाल प्रतिसाद देत नाही. म्हणजे ज्याची खरी भीती, तेच क्लोरोफिल सेन्सरवर कमी दिसतं. त्यांच्यात फायकोसायनिन नावाचं निळसर रंगद्रव्य असतं. ते नारिंगी प्रकाश (६२० नॅनोमीटरच्या आसपास) शोषतं आणि ६५० च्या आसपास प्रतिदीप्ती देतं. म्हणून चांगल्या उपकरणांत दोन वाहिन्या असतात, एक क्लोरोफिलची आणि दुसरी फायकोसायनिनची. पिण्याच्या पाण्यासाठी उपकरण घेणार असाल तर दुसरी वाहिनी नसलेलं घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिली पायरी: सेन्सरआधी बाटली आणि काठी

पाण्यावरचा हिरवा थर म्हणजे शेवाळच असं नाही. छोट्या गोल पानांची, खाली बारीक मुळं लोंबणारी तरंगती वनस्पती अनेकदा शेवाळ समजली जाते. काठी घालून बघा. काठीला केसांसारखे लांब धागे आले तर ते तंतुमय शेवाळ. त्रासदायक आहे, पण सहसा विषारी नसतं. काठी बाहेर काढल्यावर तिच्यावर हिरव्या रंगाचा लेप बसल्यासारखा दिसला तर सावध व्हा, ते नील-हरित असू शकतं.

मग झाकणाची काचेची बाटली पाऊण भरून घ्या आणि फ्रीजमध्ये रात्रभर न हलवता ठेवा. नील-हरित शेवाळाच्या अनेक जातींच्या पेशींत हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यामुळे ते वर येऊन कड्यासारखं जमतं. साधं हिरवं शेवाळ बहुधा तळाशी बसतं. ही चाचणी शंभर टक्के खात्रीची नाही, पण फुकट आहे आणि दिशा दाखवते. बाटलीवर ठळक अक्षरात "पिऊ नये" लिहा. घरच्या फ्रीजमध्ये ठेवणार असाल तर हे विसरू नका.

दुसरी पायरी: पांढरी-काळी चकती

इटालियन शास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात पांढरी चकती सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. तलावांसाठी आज वापरतात ती २० सेंटिमीटर व्यासाची, चार भागांत काळी-पांढरी रंगवलेली चकती. पत्र्याची गोल थाळी, ऑइल पेंट, मध्ये भोक, खाली वजन आणि दर १० सेंटिमीटरला खूण केलेली दोरी एवढ्यात ती घरी तयार होते. चकती सावलीच्या बाजूने सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी घ्या.

चकती शेवाळ आणि गाळ यांत फरक करत नाही. तरी पुढे सेन्सरचे आकडे विचित्र आले की याच नोंदी उपयोगी पडतात, म्हणून ही पायरी टाळू नका.

तिसरी पायरी: कोणतं उपकरण

हातात धरायचा फ्लुओरोमीटर (प्रतिदीप्ती मोजणारं उपकरण) छोट्या नळीत नमुना घेऊन आकडा देतो. शाळा-महाविद्यालयासाठी आणि पाच-सहा ठिकाणी फिरून मोजणाऱ्यासाठी तो पुरेसा आहे. पाण्यात सतत बुडवून ठेवायच्या ‘सोंड’ (sonde) नावाच्या नळीसारख्या उपकरणामध्ये क्लोरोफिल, फायकोसायनिन, गढूळपणा, तापमान, विरघळलेला प्राणवायू असे अनेक सेन्सर एकत्र येतात. तिची किंमत काही लाखांत जाते आणि देखभालही मागते. पाणीपुरवठा योजनेला ती शोभते, एकट्या शेतकऱ्याला नाही.

शिकायचं असेल तर स्वतः बनवा. ईएसपी३२ बोर्ड (सेन्सरची वाचनं घेणारा छोटा संगणक), एएस७३४१ हा वर्णपट सेन्सर (त्यात ४१५ ते ६८० नॅनोमीटरपर्यंत आठ दृश्य वाहिन्या आहेत, शेवटची ६८० ची आपल्या कामाची), ४६० ते ४७० नॅनोमीटरचा निळा एलईडी, ६५० च्या पुढचाच प्रकाश सोडणारी लाल लाँगपास काच आणि आतून मॅट काळा रंग दिलेली पेटी. मध्ये सपाट बाजूंची काचेची नळी, एका बाजूला एलईडी आणि त्याच्याशी काटकोनात सेन्सर. समोरासमोर ठेवलंत तर निळा प्रकाश थेट सेन्सरवर पडेल आणि सगळं फसेल. लाल काच सेन्सरच्या अगदी पुढ्यात बसवा, कडेने फट ठेवू नका.

एलईडी बंद ठेवून एक वाचन, चालू करून दुसरं, आणि दोन्हींची वजाबाकी. पेटीत शिरलेला बाहेरचा उजेड असाच वजा होतो. एलईडीला स्थिर विद्युतप्रवाह द्या. बॅटरी उतरली की प्रकाश कमी होतो आणि शेवाळ घटल्याचा भास होतो.

पेटी चालते का हे बघायला पालक कुटून सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवा आणि गाळून घ्या. अंधारात निळी टॉर्च मारली तर हा हिरवा अर्क रक्तासारखा लाल चमकतो. मुलांना हे एकदा दाखवलं की प्रतिदीप्ती समजावून सांगायला फळा लागत नाही. हाच अर्क थोडा थोडा पातळ करून पेटीत ठेवा, आकडा त्या प्रमाणात उतरला पाहिजे.

चौथी पायरी: काळ्या मातीची परीक्षा

परदेशी पुस्तिकांत या पायरीवर एखादी ओळ असते. खान्देशात मात्र खरा खेळ इथेच आहे. पहिल्या पावसानंतर तापी, पूर्णा, गिरणा, पांझरा सगळ्याच नद्या गाळ घेऊन येतात. हतनूर धरणात तर पूर्णेचं गढूळ पाणीही येऊन मिळतं. काळ्या मातीचे चिकणकण इतके बारीक असतात की पाणी कित्येक दिवस निवळत नाही. हा गाळ सेन्सरला दोन उलट दिशांनी फसवतो.

एक, लाल काच पूर्ण घट्ट नसेल तर गाळावरून विखुरलेला निळा प्रकाश सेन्सरपर्यंत झिरपतो आणि शेवाळ नसतानाही आकडा वाढतो. दोन, गाळ निळ्या प्रकाशाला शेवाळापर्यंत पोचू देत नाही आणि शेवाळाचा लाल प्रकाश बाहेर येऊ देत नाही, त्यामुळे शेवाळ असूनही आकडा कमी येतो. दोन्ही चुका एकाच वेळी झाल्या तर आकडा अगदी बरोबर वाटू शकतो, आणि तेच सर्वात वाईट.

म्हणून आपल्या भागातली माती आणा, सावलीत वाळवून चाळा आणि डिस्टिल्ड पाण्यात ढवळा. पाच मिनिटांत जाड कण बसतील. वरचं गढूळ पाणी पेटीत ठेवा. आकडा नुसत्या डिस्टिल्ड पाण्याइतकाच आला पाहिजे. वाढला तर गळती आहे. लाल काचेच्या कडा काळ्या टेपने बंद करा. तरीही थांबलं नाही तर एलईडीसमोर फक्त निळा प्रकाश सोडणारी काच लावा, कारण काही एलईडींच्या प्रकाशाला लाल शेपूट असते.

दुसरा भाग. शेततळ्याचं हिरवं पाणी दोन सारख्या भागांत घ्या. एकात ठरावीक मिलिलिटर गढूळ पाणी घाला, दुसऱ्यात तेवढंच डिस्टिल्ड. शेवाळ दोन्हींत सारखंच आहे, तरी गढूळ भागाचा आकडा कमी येईल. किती कमी, ते गढूळपणाच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर लिहून तक्ता करा. गढूळपणा एनटीयू (गढूळपणाचं एकक) दाखवणाऱ्या मीटरने मोजा. आंतरराष्ट्रीय आयएसओ ७०२७ पद्धतीत त्यासाठी ८६० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश वापरतात, कारण पाण्याच्या किंवा शेवाळाच्या रंगाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. तक्त्यात एक मर्यादा ठरवा, जिच्यापुढे आकडा दुरुस्त करण्यातही अर्थ नसतो. तिच्यापुढच्या नोंदीसमोर सरळ "गढूळ, मोजणी बाद" लिहा. बाद नोंद खोट्या आकड्यापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

दोन्ही सेन्सर एकत्र वाचायला शिकलात की पाणी बोलायला लागतं. गढूळपणा वाढला, लाल उजेड तसाच, तर गाळ आला. दोन्ही एकदम वाढले तर शेवाळ, कारण पेशीही प्रकाश विखुरतात. जुलैत पहिली आणि मे महिन्यात दुसरी स्थिती अपेक्षित धरा.

पाचवी पायरी: आकड्याला अर्थ द्या

पेटीतून येतो तो नुसता आकडा. त्याचे मायक्रोग्रॅम प्रति लिटर करायला प्रयोगशाळेतलं क्लोरोफिल लागतं. जवळच्या विज्ञान महाविद्यालयात स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) असतो, तिथल्या शिक्षकांना विचारा. आपल्या भागातली बहुतेक महाविद्यालयं जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी असे विषय हवेच असतात.

ठरावीक पाणी काचतंतूच्या गाळणकागदातून गाळतात, कागद ९० टक्के अॅसिटोनमध्ये अंधारात थंड ठेवतात आणि अर्काचं शोषण ६६४, ६४७ आणि ६३० नॅनोमीटरला मोजतात. ७५० चं वाचन प्रत्येकातून वजा करतात, कारण ते नुसत्या गढूळपणाचं असतं. मग:

क्लोरोफिल-ए = (११.८५ × ६६४ चं) − (१.५४ × ६४७ चं) − (०.०८ × ६३० चं)

समजा वजाबाकीनंतर वाचनं ०.१२, ०.०४ आणि ०.०२ आली. उत्तर १.३६ मिलिग्रॅम प्रति लिटर, पण हे अर्कातलं. अर्क १० मिलिलिटर, गाळलेलं पाणी अर्धा लिटर आणि नळीची रुंदी १ सेंटिमीटर असेल तर १० ला ०.५ ने भागून त्याने गुणा. तलावातलं क्लोरोफिल सुमारे २७ मायक्रोग्रॅम प्रति लिटर.

असे नमुने वेगवेगळ्या महिन्यांतले, कमी हिरव्यापासून गडद हिरव्यापर्यंतचे जमवा आणि पेटीच्या आकड्यांसमोर मांडा. एका तलावाची रेषा दुसऱ्याला लावू नका, शेवाळाच्या जाती वेगळ्या असतात. गाळलेला कागद लगेच काळ्या कागदात गुंडाळून बर्फात ठेवा. भुसावळच्या मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीत तासभर राहिलेला कागद फेकून द्यायच्या लायकीचा असतो.

विकत घेतलेल्या सेन्सरचं मधल्या काळातलं कॅलिब्रेशन (आकडे पुन्हा जुळवून घेणं) रोडामिन डब्ल्यूटी या रंगाच्या द्रावणाने करतात. किती तीव्रतेचं द्रावण किती क्लोरोफिलबरोबर धरायचं, याचा तापमाननिहाय तक्ता कंपनी देते. दुसऱ्या कंपनीचा तक्ता चालत नाही.

फार हिरव्या पाण्यासाठी एक सोपी तपासणी. नमुना डिस्टिल्ड पाण्याने निम्मा करा. आकडा निम्मा झाला तर ठीक. निम्म्यापेक्षा जास्त उरला तर मूळ पाणी इतकं दाट होतं की शेवाळच एकमेकांचा प्रकाश अडवत होतं. पातळ करून मोजा आणि पटीने वाढवा.

सहावी पायरी: कधी, कुठे, किती खोल

दुपारच्या उन्हात शेवाळ जादा प्रकाश उष्णतेत घालवून स्वतःचा बचाव करतं. तेव्हा त्याची प्रतिदीप्ती पडते आणि सकाळी भरपूर दिसलेलं शेवाळ दुपारी नाहीसं झाल्यासारखं वाटतं. म्हणून सूर्योदयाआधी मोजा. ते जमत नसेल तर नमुना अर्धा तास अंधारात ठेवून मग मोजा. वेळ कोणतीही ठरवा, पण रोज तीच ठेवा. तापमानही लिहा, कारण पाणी एका अंशाने तापलं की प्रतिदीप्ती साधारण एक-दोन टक्क्यांनी उतरते. जानेवारी आणि मे यांची तुलना करताना हा फरक मोठा होतो.

वारा तरंगणारा थर एका काठाला ढकलतो. फक्त त्या काठाचा नमुना घेतलात तर घबराट, फक्त समोरच्या काठाचा घेतलात तर खोटी निश्चिंती. काठ दोन्ही घ्या, आणि पाणी उपसायच्या विहिरीजवळचा तिसरा. बाटली उलटी धरून कोपरापर्यंत हात घाला आणि तिथे सुलटी करा. हातमोजे वापरा. धरणाच्या फुगवट्यात गाळात पाय रुततो, एकट्याने उतरू नका.

सतत बुडवलेल्या सेन्सरची काच काही दिवसांतच बुळबुळीत होते आणि आकडा हळूहळू चढतो. पुसणारा ब्रश असलेला सेन्सर घ्या. तरीही आठवड्याला काढून मऊ कापडाने पुसा, आणि पुसण्याआधीचं व नंतरचं वाचन दोन्ही लिहा.

जोडीला साधा पीएच मीटर ठेवा. शेवाळ जोमात असेल तर ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खेचतं आणि दुपारी पीएच ९ च्या वर जातो. रात्री उलट, प्राणवायू घटतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर तेही लिहून ठेवा.

आकाशातून

हतनूर किंवा गिरणा धरणाएवढा जलाशय असेल तर सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं युरोपच्या कोपर्निकस या उपग्रह कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. २०१५ आणि २०१७ मध्ये सोडलेले दोन उपग्रह मिळून साधारण पाच दिवसांनी एकाच जागेचं चित्र देऊ लागले. ७०५ आणि ६६५ नॅनोमीटरच्या पट्ट्यांची वजाबाकी भागिले बेरीज हा निर्देशांक काढा. शेवाळ वाढलं की तो वाढतो. ७०५ च्या पट्ट्याचा एक चौकोन जमिनीवर २० मीटरचा असतो, त्यामुळे ३० बाय ३० मीटरच्या शेततळ्याला याचा उपयोग नाही, चौकोनात काठ मिसळतो. पावसाळ्यात ढग आडवे येतात.

आकडा चढला तर

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनात आंघोळ-पोहण्याच्या पाण्यासाठी, नील-हरित शेवाळाचं प्राबल्य असताना, क्लोरोफिल-ए १० मायक्रोग्रॅम प्रति लिटरला सौम्य आणि ५० ला मध्यम धोका धरला होता. पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआर या विषाची संघटनेची मार्गदर्शक मर्यादा १ मायक्रोग्रॅम प्रति लिटर आहे. तुमचा सेन्सर विष मोजत नाही, गावातल्या तपासणी किटमध्येही त्याची सोय नसते. म्हणून फायकोसायनिनचा आकडा सलग तीन-चार मोजण्यांत चढत गेला, किंवा बाटलीत वर हिरवं कडं आलं, तर नमुना बर्फात ठेवून जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेशी बोला आणि विषाची तपासणी कुठे होईल ते विचारून घ्या. सोबत तारीख, वेळ, जागा, तापमान, गढूळपणा आणि चकतीची खोली द्या.

तोवर गुरं आणि कुत्री त्या काठाला जाऊ देऊ नका. थराजवळचं पाणी प्यायल्याने जनावरं दगावतात. पाणी उकळून मायक्रोसिस्टिन जात नाही, हे घरोघरी सांगा. आणि घाईने मोरचूद टाकू नका. शेततळ्यात तो सर्रास टाकला जातो, पण दाट नील-हरित शेवाळावर टाकला की पेशी फुटतात आणि आतलं विष एकदम पाण्यात उतरतं. मेलेलं शेवाळ कुजताना प्राणवायूही खातं, मासे त्यानेच मरतात. ठिबकसाठी पाणी लागतच असेल तर उपसा थराच्या खालून करा, सँड फिल्टर उलट धुऊन घ्या, आणि पानांवर किंवा फळांवर ते पाणी फवारू नका.

पुढच्या हंगामाची तयारी ऑक्टोबरातच सुरू करा. पाणी निवळलेलं, शेवाळ कमी, गाळ खाली बसलेला. त्या महिन्यातली वाचनं तुमच्या तलावाची पायाभूत पातळी ठरतील, आणि मार्चमध्ये आकडा चढला की नाही हे त्यांच्याशीच ताडून बघायचं.